होळकर दरबाराच्या नावावर खपवलेलं ओमेगा: १,४२,००० रुपयांची फसवणूक

इंदुरात जुनी स्विस घड्याळं घेणाऱ्यांनी हे वाचाच, कारण हा माणूस अजून विकतो आहे.

आधी आकडे. मागितले १,८५,०००. ठरले १,४२,०००. त्यातले २०,००० यूपीआयने इसार म्हणून, १,००,००० आयएमपीएसने आणि २२,००० रोख. रोख का, तर ‘घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हातात द्यायचेत, त्यांना बँकेचं कळत नाही’. वस्तू म्हणजे स्टीलचं ओमेगा कॉन्स्टेलेशन, रेफरन्स (मॉडेल क्रमांक) १६८.००५, पाय-पॅन डायल (उपड्या ताटलीसारखं, कडेला पैलूंनी उतरणारं), ऑटोमॅटिक, तारखेसह. घड्याळ पूर्ण खोलल्यावर जुन्या घड्याळजींनी तोंडी सांगितलेली किंमत ५५ ते ६० हजार, तीही सुटे भाग म्हणून. म्हणजे ८०,०००च्या वर रक्कम निव्वळ गोष्टीची घेतली.

घराणं, गरज आणि घाई, हा साचा सगळ्यांना माहीत आहे. ‘जहागीर गेली, घड्याळं राहिली’, ‘मुंबईचा डीलर उद्या येतोय’, तेच सगळं. पण विकणारा मराठी, राजवाड्याच्या बाजूला जुना वाडा सांगणारा, अहो-जाहो करून बोलणारा, आणि स्वतःहून भिंग पुढे करणारा. ‘काका, तुम्ही जाणकार आहात, झाकण उघडूनच बघा.’ घाई करणाऱ्याला आपण ओळखतो. स्वतःहून घड्याळ उघडून दाखवणाऱ्याला चोर समजायचं कसं?

आणि तपासणी केली नाही असं कोणी म्हणू नये. कॉन्स्टेलेशनचं डायल कसं बघतात ते इथे लिहितो, कारण ते उपयोगाचं आहे. नावाखालच्या तीन ओळी घ्यायच्या: ऑटोमॅटिक, क्रोनोमीटर, ऑफिशियली सर्टिफाइड. डायलच्या मध्यातून उभी रेघ कल्पायची. पहिल्या ओळीतला एम, दुसरीतला मधला ओ आणि तिसरीतला ऑफिशियलीचा शेवटचा वाय एकाखाली एक आले पाहिजेत. रंगवलेल्या डायलवर यातलं एखादं अक्षर हमखास सरकलेलं असतं. मग पाय-पॅनच्या बारा पैलूंच्या कडा. मूळ डायलवर त्या धारदार असतात. पुन्हा रंग दिला की रंग खोबणीत साचतो आणि कडा मऊ पडतात. मिनिटांच्या रेघा तासाच्या खुणांच्या बरोबर मध्यावर येतात का, तारखेच्या खिडकीची कड स्वच्छ आहे का, हेही बघायचं. या सगळ्यात ते डायल उत्तम उतरलं. उतरणारच, कारण डायल खरोखर अस्सल होतं. मागच्या झाकणावरचं वेधशाळेचं पदकही अस्सल: घुमट स्पष्ट, वर आठ तारे मोजता येतील असे. काचेच्या मध्यावर भिंगातून दिसणारी ओमेगाची बारीक खूणसुद्धा होती.

इथेच या टोळीची अक्कल आहे (टोळीच म्हणतो, एकट्याचं काम नाही हे). आपण कोणत्या चार गोष्टी तपासतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि त्या चारच त्यांनी खऱ्या ठेवल्या होत्या.

आता तो क्षण. डायल पाहून झाल्यावर त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक पिवळा कागद काढला. इंग्रजीत टाइप केलेला, वर शिक्का, खाली सही. मजकूर असा की होळकर संस्थानातल्या एका सरदाराला सेवेबद्दल ‘ओमेगा कॉन्स्टेलेशन’ मनगटी घड्याळ भेट. तारीख मार्च १९४७.

कॉन्स्टेलेशन हे नाव ओमेगाने १९५२ साली बाजारात आणलं. इंदूर संस्थान २८ मे १९४८ रोजी मध्य भारतात विलीन झालं. म्हणजे ते नाव जन्माला यायच्या चार वर्षं आधी संस्थानच संपलं होतं. घड्याळाच्या मशीनवरचा क्रमांक २,४०,००,०००च्या पुढचा, म्हणजे साधारण १९६६चा. एका हातात १९४७चा कागद आणि दुसऱ्या हातात १९६६चं मशीन, दोन्ही एकाच वेळी, एकाच दिव्याखाली! विलीनीकरणाची तारीख इंदुरातल्या शाळेतल्या मुलालाही सांगता येते. कॉन्स्टेलेशनचं साल घड्याळ जमवणाऱ्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा. दोन्ही गोष्टी माहीत असून त्या शेजारी ठेवल्या गेल्या नाहीत, याची चीड अजून जात नाही.

कागद पाकिटाबाहेर काढू दिला नाही, फोटो काढू दिला नाही, ‘ऊन लागलं तर शाई उडेल’ म्हणाला, आणि लगेच यशवंतराव होळकरांवर गेला. माणिकबाग राजवाडा, जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसने १९३०च्या दशकात उभं केलेलं ते काम, छायाचित्रकार मॅन रेने काढलेले महाराज-महाराणींचे फोटो. हे सगळं खरं आहे, आणि इंदुरातल्या मराठी माणसाला त्याचा अभिमान असणं यात गैर काय? त्या अभिमानाचाच त्याने भाव लावला. शिवाय संस्थानांशी स्विस घड्याळांचा संबंध काही बनावट नाही. येगर-लकूल्ट्रचं रिव्हर्सो (काच आतल्या बाजूला वळवता येणारं घड्याळ) १९३१ साली निघालं तेच हिंदुस्थानातल्या पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अफसरांच्या फुटणाऱ्या काचांमुळे. फाव्र-ल्यूबा आणि वेस्ट एंड तर मुंबईमार्गे घराघरांत पोचलेली. माळव्यातल्या जुन्या मराठी घरांच्या कपाटात आजही ती निघतात. म्हणून दरबारी घड्याळाची गोष्ट ऐकताच कोणी हसत नाही.

आणि ज्यांना वाटतं ‘आम्ही नसतो फसलो’, त्यांच्यासाठी: नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हातल्या लिलावात ओमेगाच्याच १९५७च्या स्पीडमास्टरला ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर किंमत मिळाली. घेणारं होतं खुद्द ओमेगाचं संग्रहालय. २०२३ मध्ये उघड झालं की ते घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून बनवलेलं होतं, आणि कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा त्यात हात होता असं कंपनीनेच सांगितलं. ज्यांनी घड्याळ बनवलं त्यांनाच जे दिसलं नाही, ते राजवाड्याजवळच्या खोलीतल्या पिवळ्या दिव्यात दिसायला हवं होतं म्हणणाऱ्यांनी थोडं सबुरीने घ्यावं.

नेमकं खोटं काय होतं ते आता. मशीनवर कॅलिबर (मशीनचा प्रकार-क्रमांक) ५६१ लिहिलेलं. ५६१ म्हणजे २४ ज्युएल (घर्षण कमी करणारे खडे), ताशी १९,८०० ठोके, क्रोनोमीटर दर्जाचं (अचूकता तपासून प्रमाणित केलेलं), कॉन्स्टेलेशनला शोभणारं. पण ५६१ला तारीख झटपट बदलायची सोय नाही, काटे मध्यरात्रीच्या पलीकडे फिरवावे लागतात. या घड्याळाची चावी (बाजूची, किल्ली द्यायची कळ) शेवटपर्यंत ओढली की तारीख एक घर पुढे सरकत होती. ती सोय ५६४ आणि ५६५ला असते. यातलं ५६५ ओमेगाच्याच सीमास्टर घड्याळांमध्ये येतं, क्रोनोमीटर नाही, आणि स्वस्त मिळतं. या मालिकेतले पुष्कळ भाग एकमेकांना बसतात. खाली ५६५चं तळपट, वर ५६१चा ब्रिज (आकडा कोरलेली वरची पट्टी), झाकण उघडणाऱ्याला हवा तो आकडा दिसतो. विकणाऱ्याने तारीख ‘काटे फिरवून’ लावून दाखवली होती, चावी ओढू दिली नव्हती. जुन्या यंत्राला ताण नको, म्हणे! चावी ओढा. पूर्ण ओढा. विकणारा नको म्हणाला तर उठा.

डायल उतरवल्यावर दिसलं की त्याचे पाय (मशीनमध्ये बसणाऱ्या मागच्या खुंट्या) कापलेले आहेत आणि ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टिकल्यांवर बसवलंय. म्हणजे डायल अस्सल, पण या मशीनवर कधी नव्हतंच. अशा डायलची तारीख खिडकीत किंचित वर-खाली बसते, आणि घड्याळ हलकेच आपटलं की डायल केसाच्या रुंदीइतकं फिरतं. मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचत नव्हता, मिलिमीटरभर तरी आखूड. हे बाहेरूनच दिसतं. मूळ काटा मिनिटांच्या रेघेला टेकतो. चावी गोल होती, मूळची दहा पैलूंची असते. चावी बदलली जातेच, त्यावरून एकट्याने निकाल लावू नका, पण आखूड काटा आणि गोल चावी एकत्र दिसली की किंमत तिथेच पाडा. केसचे (घड्याळाच्या धातूच्या डबीचे) लग, म्हणजे पट्टा अडकवायचे कान, इतके पॉलिश केलेले की पायासारखी मुडपलेली धार नाहीशी झाली होती, आणि पदक मात्र कोरं करकरीत. झिजलेल्या केसवर न झिजलेलं झाकण, हे दोन घड्याळांचं लग्न आहे.

टायमिंगच्या अॅपचा फोटोही त्याने पाठवला होता: रोज अधिक ३ सेकंद, अॅम्प्लिट्यूड २६५ (म्हणजे आतलं चक्र एका झोक्यात किती अंश फिरतं). लिफ्ट अँगल (मशीनप्रमाणे अॅपला सांगावा लागणारा कोन) ५२ ठेवला होता. ओमेगाच्या या मालिकेला तो ४९ लागतो. ५२ ठेवला की आकडा फुगतो, २६५ म्हणजे खरे २५०. आणि हा फोटो घड्याळ आडवं ठेवलेलं असतानाचा. उभं धरल्यावर आकडा २००च्या खाली गेला. आडवं, चावी खाली, चावी डावीकडे, या तिन्ही स्थितींचा व्हिडिओ मागा, फोटो नको.

बिल? ‘जुनी वस्तू आहे, पुरातन वस्तूंचा कायदा आहे, बिल देता येत नाही.’ साफ खोटं. १९७२चा तो कायदा अशा वस्तूंच्या बाबतीत शंभर वर्षांपेक्षा जुन्या मालाचा आहे. १९६६चं घड्याळ त्यात बसत नाही. साध्या कागदावर रेफरन्स, कॅलिबर, मशीनचा क्रमांक आणि ‘सर्व भाग मूळचे’ एवढं लिहून सही घ्या. सही न देणाऱ्याला पैसे देऊ नका.

यानंतर जे झालं त्याने फसवणुकीपेक्षा जास्त संताप आला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘घड़ी चल रही है ना?’ चालते आहे. ‘फिर धोखा काहे का?’ भाग वेगळे आहेत सांगितलं, तर म्हणे सर्व्हिस सेंटरला जा. खोटा कागद दाखवून पैसे काढले सांगितलं, तर म्हणे कागद आणा. कागद त्याच्याकडे आहे, तोच तर जप्त करा! तर म्हणे आपसातला व्यवहार आहे, दिवाणीत जा. पुरुषभर उंचीच्या कपाटात अर्ज ठेवला आणि पोच मागितल्यावर कपाळाला आठ्या. ऑनलाइन तक्रारीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की वस्तू हातात मिळाली आहे, मग ही सायबर फसवणूक नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक तक्रारीच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, विकणारा दुकानदार नाही, खासगी माणूस आहे. चार ठिकाणी चार दरवाजे, आणि प्रत्येकावर बाण दुसऱ्या दरवाज्याकडे. घड्याळात खोटं काय ते लिहून द्यायला एकही घड्याळजी तयार नाही. एकाने ३,००० रुपये घेऊन लिहून दिलं काय, तर ‘घड्याळ उघडून पाहिले’. धंदा करायचाय शहरात, म्हणाले. आणि लेखी मत नाही म्हणून पोलीस पुन्हा हात झटकायला मोकळे.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी ठाण्यात ‘घड्याळ खराब निघालं’ असं चुकूनही म्हणू नये. ‘खोटा दस्तऐवज दाखवून १,४२,००० रुपये द्यायला लावले’ असंच म्हणा आणि तसंच लिहून द्या. ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४)मध्ये बसतं, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)प्रमाणे अर्ज वरिष्ठांकडे लेखी, टपालाने, पोच ठेवून. इंदुरात आयुक्तालय आहे, तेव्हा उपायुक्तांच्या नावे. तिथेही दाद नाही तर कलम १७५(३)खाली दंडाधिकाऱ्यांकडे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. विकणारा ‘खासगी माणूस’ नाही हे दाखवायला त्याच्या इतर घड्याळांच्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट आजच काढा, तो त्या उडवतो. मेसेज छापून नुसते जोडू नका, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत लागतं, नाहीतर तेही बाद.

माझा अर्ज सध्या दंडाधिकाऱ्यांसमोर आहे. त्याच माणसाने आता आणखी एक कॉन्स्टेलेशन काढलंय, किंमत १,६०,०००, आणि गोष्टीत सरदार बदलून दिवाण झालाय. याच्याकडून आधी घेतलेलं असेल तर ते सर्व्हिसिंगला देऊ नका. घड्याळजीने सवयीने टिकल्या काढून डायलला नवे पाय लावले, काटे बदलले, की सिद्ध करण्यासारखं काही उरत नाही. झाकण उघडायचंच असेल तर दोन साक्षीदारांसमोर, सलग व्हिडिओत, मशीनचा क्रमांक आणि चावी ओढल्यावर सरकणारी तारीख एकाच चित्रात येईल असं.