हेड बोल्ट: नुसता टॉर्क की टॉर्क आणि कोन?

बडोद्यात दांडिया बाजारातले आम्ही काही जण जुन्या गाड्यांची इंजिनं स्वतः बांधतो, आणि हेड बोल्ट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, खालच्या ब्लॉकला आवळणारे बोल्ट) नुसत्या टॉर्कवर, म्हणजे पिळायच्या जोरावर, आवळायचे की पुढे कोन मोजून फिरवायचे, हा वाद दरवेळी निघतो. जुन्या जाड बोल्टांना नुसता टॉर्क रेंच (पिळायचा जोर मोजणारा पाना) पुरतो. पण त्याचा आकडा फसवा: सुमारे ९० टक्के जोर घर्षणातच जातो, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम १०. आट्यांना तेल लागलं की त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणतो. गंज असेल तर हेड सैल राहतं.

नव्या इंजिनांत म्हणून आधी हलका टॉर्क, मग बोल्ट ठरलेल्या कोनातून आणखी फिरवायचा, बरेचदा ९० अंश. ताण एकसारखा येतो. मला हीच पद्धत भरवशाची वाटते, मात्र कायमचे ताणले जाणारे बोल्ट दरवेळी नवेच घ्या. मॅन्युअलमध्ये कोन दिलेला नसेल, तर मनाने लावू नका.