अँड्रॉइडवरच राहायचं की आयफोनवर जायचं?
फोन बदलताना बहुतेक जण कॅमेरा आणि किंमत बघतात. माझ्या मते आधी बघावं ते व्हॉट्सॲप. एका अँड्रॉइडवरून दुसऱ्यावर गेलात, तर गूगल ड्राइव्हवरचा बॅकअप नव्या फोनवर सरळ उतरतो. आयफोनवर तो चालतच नाही; तिथला बॅकअप आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत असतो. अँड्रॉइडवरचं सगळं आयफोनवर न्यायला ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागतं. २०२२ पासून त्यातून चॅटही नेता येतात, पण आयफोनचा सेटअप चालू असतानाच. घाईत सेटअप उरकलात, तर फोन रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आई-वडिलांचा फोन बदलून देणार असाल, तर हे विसरूच नका. नातवंडांचे बोबडे व्हॉइस मेसेज त्यातच असतात. नव्या फोनवर जुने चॅट डोळ्यांनी दिसेपर्यंत जुना फोन एक्स्चेंजला देऊ नका.

फुकट जागेत अँड्रॉइड सरस: गूगल १५ जीबी देतं, आयक्लाउड ५ जीबी. विकत घेतलेली ॲप्स मात्र आयफोनवर पुन्हा विकत घ्यावी लागतात. चार्जरचं आता अडत नाही, आयफोन १५ पासून तिकडेही टाइप-सीच. मराठी टायपिंगला जीबोर्ड हा गूगलचा कीबोर्ड दोन्हीकडे आहे.