नाशिकला पैठणी घेताना आम्ही कशा फसलो

नऊ वर्षं झाली, मी स्टुटगार्टला राहते. दोन वर्षांतून एकदा तीन आठवड्यांसाठी घरी येते, आणि त्यातला एक शनिवार-रविवार माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा असतो. दोघीच कुठेतरी जातो. नवरे नाहीत, मुलं नाहीत. या ऑगस्टमध्ये नाशिक ठरलं, आणि ते ठरलं पैठणीमुळे.

माझ्या भावाच्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. बारशाला तिच्या कानात नाव मी सांगितलं होतं. पण दहावीनंतरचं तिचं सगळं मी फोनवरच पाहिलं. लग्नातली पैठणी आत्याकडून, हे मी तिला केव्हाच कबूल केलं होतं. पैसे बाजूला काढून ठेवले होते. येवला नाशिक जिल्ह्यातच आहे, शहरापासून साधारण ८०-८५ किलोमीटर. शनिवारी नाशिक बघायचं, रविवारी येवल्याला जाऊन विणकराच्या घरून साडी घ्यायची, असा बेत होता. तो आम्ही पाळला असता तर आज हे लिहावं लागलं नसतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती ठाण्याला आणि मी कल्याणला पंचवटी एक्सप्रेसमध्ये चढलो. शनिवारी सकाळी दिवसभरासाठी गाडी केली. पाऊस चांगला झाला होता, गोदावरी भरून वाहत होती. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं आहे ते बघायला लोक जमले होते. नाशिककर पुराचं माप त्या मारुतीवरूनच सांगतात. काळारामाचं दर्शन झालं, पांडवलेण्याच्या पायऱ्या चढून झाल्या. ड्रायव्हर बोलका होता, आमच्या पिशव्या उचलत होता, ताई ताई करत होता. उद्या येवल्याला जायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, “पैठणीच घ्यायची ना? मग एवढ्या लांब कशाला जाता ताई? येवल्याच्याच विणकरांचं दुकान इथे आहे. डायरेक्ट त्यांच्याकडून. मी काही सांगत नाही, बघून तर घ्या.” आणि गाडी चालवतानाच त्याने कुणाला तरी फोन केला.

दुकानाच्या दारात गाडी थांबली तेव्हा एका मुलाने वहीत गाडीचा नंबर लिहून घेतला. मला वाटलं, पार्किंगचं असेल. तो नंबर कशासाठी लिहितात ते बुधवारी कळलं. त्याबद्दल पुढे सांगते.

आत शिरताच उजव्या हाताला माग होता. खराखुरा हातमाग, आणि त्यावर सत्तरीचे एक आजोबा खरोखरच विणत बसले होते. निळ्या ताण्यावर, म्हणजे उभ्या धाग्यांवर, नारळी काठ चढत होता. आम्ही दोघी पाच-दहा मिनिटं तिथेच उभ्या राहिलो. माझे तर डोळे भरून आले. स्टुटगार्टच्या फ्लॅटमध्ये बसून मी हेच डोळ्यांसमोर आणलं होतं. त्यानंतर आम्हाला गादीवर बसवलं, चहा आला आणि कपाटं उघडली गेली.

पुढचा अर्धा-पाऊण तास नीट सांगते, कारण फसवणूक तिथे आहे.

साड्या दाखवणारा माणूस पन्नाशीचा, शांत बोलणारा. त्याला पैठणीतलं सगळं कळत होतं. मुनियाचा म्हणजे पोपटांचा काठ कुठला, असावलीची फुलवेल कशी ओळखायची, बांगडीच्या गोलातल्या मोराला बांगडी-मोर कसं म्हणतात, कडियल म्हणजे काठाचा उभा-आडवा धागा एकाच रंगाचा कसा ठेवतात, हे त्याने साडीवर बोट ठेवून सांगितलं. मला आवडली ती जांभळी, लाल काठाची, भरगच्च बांगडी-मोराच्या पदराची. किंमत ४२,००० सांगितली. मैत्रिणीने विचारलं, “काका, अस्सल आहे कशावरून?” त्याने अगोदर सिल्क मार्कचं लेबल दाखवलं, होलोग्राम असलेलं. मग साडीच्या टोकाचा एक धागा ओढला, काडी लावली आणि आमच्या नाकाशी धरला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. “कृत्रिम धागा असता तर वितळून गोळा झाला असता,” तो म्हणाला. ते बरोबरच आहे, रेशीम असंच जळतं. मग साडी अंगठीतून ओढून दाखवली.

आम्ही खूश झालो. तीन परीक्षा, तिन्हींत साडी उतरली. आज विचार करते तेव्हा कळतं की त्यातली प्रत्येक परीक्षा फार तर रेशमाची होती. साडी हाताने विणली की यंत्रावर, याची एकही नव्हती. सिल्क मार्क केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून दिला जातो, आणि तो धागा शुद्ध रेशमाचा आहे एवढंच सांगतो. यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीलाही तो लावता येतो, आणि त्यात काही गैर नाही. हातमागासाठी वेगळी खूण आहे, हँडलूम मार्क, २००६ पासूनची. ती आम्ही मागितली नाही, कारण ती असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. तोंडाने मात्र तो चार वेळा “हातमागाची” म्हणाला, आणि प्रत्येक वेळी त्याचा हात दारातल्या मागाकडे गेला. त्या मागावरच्या साडीचा आणि कपाटातून काढलेल्या साडीचा काहीही संबंध नव्हता.

भाचीला रंग दाखवायचा होता म्हणून मी फोटो मागितले. दुकानातल्या मुलाने मैत्रिणीच्या व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, ‘हँडलूम पैठणी ४२०००’. ही ओळ लक्षात ठेवा. घासाघीस करून ३६,५०० ला सौदा झाला. माझं कार्ड त्यांच्या मशीनवर चाललं नाही, म्हणून मैत्रिणीने यूपीआयने पैसे दिले. घडी घातलेली साडी डब्यात गेली. आम्ही ती पूर्ण उलगडून, उलटी करून पाहिलीच नाही. येवल्याला जायचं कारणच उरलं नाही म्हणून रविवारी त्र्यंबकेश्वर करून आम्ही परतलो.

सोमवारी डोंबिवलीला, भावाच्या सोसायटीत फॉल-पिको करणाऱ्या काकूंकडे साडी नेली. काकूंनी कौतुकाने पदर हातात घेतला आणि सवयीने उलटा केला. दिवसभर त्या साड्यांच्या उलट्या बाजूच बघतात. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ताई, हातमागाची म्हणून घेतली का? हिला आतून जाळी लावलीय.”

पदराच्या मागे त्याच रंगाची बारीक जाळी शिवलेली होती. मी ती पाहिलीही नव्हती. काकूंनी एका कोपऱ्यातून बोट घालून दाखवलं, आत मोराच्या मागे धाग्यांचे लांब लांब टाके सुटे होते. यंत्रावर नक्षी विणताना जो रंग पुढे नको असतो तो धागा मागून तसाच वाहत जातो. ते धागे बांगड्यांत, जोडव्यांत अडकू नयेत म्हणून जाळी. हाताने विणलेल्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या रंगात गुंतून परत फिरतो. म्हणून पदर मागून-पुढून जवळपास सारखाच दिसतो, जाळीची गरजच पडत नाही. “रेशीम चांगलंय,” काकू म्हणाल्या. “पण दहा-बारा हजारांच्या वर नाही हिची किंमत.” त्यांनी फॉल लावला नाही. साडी घडी करून परत दिली आणि “आधी दुकानात जाऊन या” म्हणाल्या. हा त्यांचा सल्ला फार मोलाचा ठरला. फॉल लागला असता तर ‘तुम्ही साडी वापरली’ हे उत्तर ठरलेलं होतं.

माझं विमान शुक्रवारचं. सोमवारी रात्री दुकानात फोन केला, तर “शेठ बाहेर आहेत”. मंगळवारीही तेच. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की या माणसांचा सगळा हिशोब आमच्यासारख्यांवर चालतो. दोन दिवसांसाठी आलेले, परत न येणारे, आणि परदेशात राहणारी बाई असेल तर उत्तमच. मैत्रिणीने ऑफिसात रजा टाकली आणि बुधवारी पहाटे आम्ही दोघी पुन्हा नाशिकला गेलो.

तो शांत माणूस त्या दिवशीही शांतच होता. “हातमागाची असं आम्ही कुठे लिहून दिलंय? बिल बघा.” बिलावर ‘सिल्क साडी, १ नग’ होतं. गिऱ्हाइकाचं नाव रिकामं. खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. मैत्रिणीने व्हॉट्सॲपवरची ओळ दाखवली, तर म्हणाला, पोरगा नवीन आहे, त्याने चुकून लिहिलं. बदल्यात दुसरी साडी घ्या, पैसे मिळणार नाहीत. आम्ही बाहेर आलो तेव्हा बाकावर दोन ड्रायव्हर बसले होते, आणि वहीवाला मुलगा एकाला नोटा मोजून देत होता. समोर वहीत गाड्यांचे नंबर आणि त्यांच्यापुढे रकमा. आमच्या ३६,५०० मधले किती त्या गोड बोलणाऱ्या ड्रायव्हरकडे गेले असतील कोण जाणे.

संतापाने माझे हातपाय थरथरत होते. मैत्रीण म्हणाली, आता येवल्याला जाऊच. एसटीने गेलो. तिथे एका विणकर-घरात शिरलो आणि काही न लपवता साडी समोर ठेवली. घरातल्या दादांनी ती बघितली, मान हलवली आणि आम्हाला मागापाशी नेलं. त्यांच्या मागावर हिरव्या साडीचा पदर चालू होता, आणि मोराच्या एकेका रंगासाठी धागा गुंडाळलेल्या छोट्या छोट्या कांड्या ताण्यावर लोंबत होत्या. बोटाने धागे मोजून कांडी आत सरकवायची, ओढायची, पुढची घ्यायची. सकाळपासून बोटभर पदर झाला होता. “तुमच्यासारखा भरगच्च पदर हाताने करायचा तर मला दोन-अडीच महिने लागतील,” ते म्हणाले, “आणि ३६ हजारांत मला तो परवडणारच नाही, ताई.” म्हणजे किंमत कमी करून मिळाली म्हणून ज्याचा आनंद मानला, ती किंमतच आम्हाला सांगत होती. मशीनची साडीही ते विकतात, पण सांगून. ती ठेवायची फडताळंच वेगळी. येवल्यातही सगळीकडे हातमागच मिळतो असं समजू नका, असं त्यांनीच बजावलं. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ठरावीक भागातल्या मालाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळालं, तरी दुकानदाराने तोंडाने पैठणी म्हटलं की ती हातमागाची होत नाही.

मग तक्रारीचं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर मंगळवारीच तक्रार नोंदवली होती. ते दुकानदाराला कळवून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात, पण दुकानाने दाद दिली नाही. मग नोंदणीकृत डाकेने नोटीस, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार करणारा जिथे राहतो तिथेही दाखल करता येते, त्यामुळे मैत्रिणीला नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत, ठाण्यातच झालं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. आणि ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीला घाबरू नका. विकलेला सदोष माल परत घ्यायला नकार देणं हीच या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलात मुदत नसेल तर ३० दिवसांपर्यंत.

बिलावर नाव नसल्यामुळे खरेदी आमचीच हे सिद्ध करायला यूपीआयची पावती उपयोगी पडली. आणि ‘हँडलूम’ हा शब्द अख्ख्या व्यवहारात एकाच जागी लिहिलेला आहे, त्या फोटोंखाली. मी भाचीसाठी सहज फोटो मागितले नसते तर हातात काहीच नव्हतं. म्हणून पैसे देण्याआधी एकच वाक्य बोला, “बिलावर माझं नाव घाला आणि ‘हातमागावर विणलेली पैठणी’ असं लिहा.” त्यावर दुकानदार काय करतो ते बघा. आणि पदर उलटा करा, त्यांनी उलटा करून दाखवला तरी स्वतःच्या हाताने करा.

सिंहस्थ जवळ आला आहे. २०२७ मध्ये तर देशभरातून, परदेशातून माणसं नाशिकला लोटतील, आणि त्या वहीत किती गाड्यांचे नंबर चढतील या विचाराने मला झोप येत नाही. नाशिकबद्दल माझ्या मनात अढी नाही. मन दुखतं ते दारात विणत बसलेल्या त्या आजोबांसाठी. त्यांचं आयुष्यभराचं खरं काम खोटी साडी विकायला वापरलं जातंय, आणि त्यांना ते माहीत आहे की नाही हे मी त्यांना विचारूही शकले नाही. बुधवारी माग रिकामा होता.

भाचीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आत्या, मी तीच नेसते, तू आणलीस ना.” पण ती साडी आता पुरावा आहे, मैत्रिणीच्या कपाटात आहे. परवा मैत्रिणीचा फोन आला, आयोगात साडी प्रत्यक्ष दाखवावी लागेल, तोपर्यंत इस्त्रीला वगैरे देऊ का म्हणून विचारत होती. मी म्हटलं, काही करू नकोस, आणि मुख्य म्हणजे ती जाळी उसवू नकोस, आहे तशी राहू दे.