डोमेन होस्टिंग कंपनीकडेच ठेवावे की स्वतंत्र रजिस्ट्रारकडे?

होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळासाठी सर्व्हरवरची जागा, घेताना पहिल्या वर्षाचे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे नाव, बरेचदा मोफत मिळते आणि बहुतेक जण ते तिथेच घेऊन मोकळे होतात. मीही तसेच केले होते. पुढे काही वर्षांनी माझी तिन्ही नावे मी एका स्वतंत्र रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावांची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे, नेली. माझा अनुभव या दोन कंपन्यांपुरताच आहे, तेव्हा तो सर्वांना तंतोतंत लागू पडेलच असे मी म्हणणार नाही.

नावात मात्र कुठेच फरक पडत नाही. डॉट कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन या कंपनीकडे असते आणि रजिस्ट्रार कोणीही असला तरी तो आपल्या वतीने त्याच वहीत नोंद करतो. एका वेळी दहा वर्षांपलीकडची मुदत कोणालाच देता येत नाही, त्यामुळे ‘आमच्याकडे नाव अधिक सुरक्षित’ या जाहिरातीला फारसा अर्थ उरत नाही. खरा प्रश्न आहे तो, निघायचे ठरवले तर निघता किती सहज येते, हा.

होस्टिंगवाल्याकडे डोमेन ठेवण्याची सोय नाकारता येत नाही. बिल एक, लॉगिन एक, नेमसर्व्हर (नावाच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरचे पत्ते) आधीच भरलेले आणि सुरक्षित जोडणीसाठीचे एसएसएल प्रमाणपत्रही बहुधा आपोआप बसते. एकच छोटे संकेतस्थळ असेल आणि ते हलवण्याचा विचारही मनात नसेल, तर ही व्यवस्था वाईट नाही.

माझे मत फिरले ते ऑथ कोडवरून, म्हणजे डोमेन हलवण्यासाठी लागणाऱ्या गुप्त कोडवरून. डोमेन दुसरीकडे न्यायचे तर आधी त्याचे कुलूप (परस्पर स्थलांतर रोखणारी सेटिंग) काढावे लागते आणि मग हा कोड नव्या रजिस्ट्रारला द्यावा लागतो. माझ्या जुन्या कंपनीच्या पॅनेलमध्ये कुलूप काढण्याचे बटण होते, कोडचे नव्हते. त्यासाठी सपोर्टकडे तिकीट टाकावे लागे. पहिल्या उत्तरात जाण्याचे कारण विचारले, दुसऱ्यात नूतनीकरणावर सवलत देऊ केली आणि कोड आला तो पाचव्या दिवशी. डोमेन नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार मागितल्यापासून पाच दिवसांत कोड द्यावा लागतो, म्हणजे तक्रारीलाही जागा नाही. तो ईमेलमधून उचलून चिकटवताना शेवटी एक रिकामी जागा सोबत आली आणि नव्या रजिस्ट्रारने कोड चुकीचा ठरवला. ते ध्यानात येईपर्यंत आणखी अर्धा दिवस गेला. हा दोष अर्थातच माझा. त्यानंतर जुन्या रजिस्ट्रारला हरकत घेण्यासाठी असलेले पाच दिवस वाट पाहण्यात गेले. आता मी जिथे आहे तिथे कोड पॅनेलमध्येच एका क्लिकवर दिसतो, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा बदल पुन्हा करीन.

दुसरी अडचण डीएनएसची, म्हणजे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदींची. डोमेन आणि होस्टिंग एकत्र असले की डीएनएसच्या नोंदी बहुधा होस्टिंगच्या खात्यात राहतात आणि ते खाते बंद होताच त्याही जातात. संकेतस्थळ बंद पडलेले लगेच कळते, पण ईमेल कुठे पोहोचवायचे ते सांगणारी एमएक्स नोंद गेल्याने न आलेली पत्रे कोणाला दिसणार? स्वतंत्र रजिस्ट्रारकडे नोंदी ठेवल्या की होस्टिंग बदलताना संकेतस्थळाच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारा एकच ए रेकॉर्ड बदलावा लागतो. आदल्या दिवशी टीटीएल (जुनी नोंद इतरत्र किती वेळ साठवून वापरली जाते तो काळ) ३०० सेकंदांवर आणला असेल तर बदल बहुतेक ठिकाणी काही मिनिटांत पोहोचतो.

स्वतंत्र व्यवस्थेचा तोटा म्हणजे दोन मुदती सांभाळाव्या लागतात. डॉट कॉमचे नाव मुदत संपून रजिस्ट्रारने काढून टाकले, तर ते परत मिळवण्याचा ३० दिवसांचा कालावधी असतो, पण त्याला सहसा नूतनीकरणाहून बराच अधिक खर्च येतो. स्वयंनूतनीकरण चालू ठेवले की ही काळजी बरीच कमी होते.

बदलायचे ठरवलेच, तर एवढे पाहावे की नवी नोंदणी किंवा आधीचे स्थलांतर होऊन ६० दिवस उलटलेले असावेत. स्थलांतराबरोबर डॉट कॉमची मुदत एक वर्षाने वाढते, त्यामुळे त्याचे शुल्क वाया जात नाही. मालकाचे नाव आणि ईमेल यांत फेरफार करायचा असेल तर तो स्थलांतर झाल्यावर करावा, कारण काही रजिस्ट्रार अशा बदलानंतरही ६० दिवसांचे कुलूप लावतात. आणि तो ईमेल त्याच डोमेनवरचा नसावा. नाव बंद पडले, तर ते सोडवण्याचे पत्र त्याच बंद पेटीत जाऊन पडते.