सारंगखेड्याच्या यात्रेत लेन्सचं कोटिंग गेलं, तुम्ही तरी सांभाळा

मी शहाद्याकडचा, लग्नाचे फोटो काढतो, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरला की दरवर्षी दोन दिवस तिकडेच असतो. यावेळी एका पांढऱ्या घोड्याचा क्लोजअप घेत होतो तर त्याने मान पुढे काढून ओलं नाक सरळ लेन्सवर टेकवलं, मधोमध चिकट पट्टा आणि त्यावर लगेच यात्रेची धूळ.

जवळच एक जण टेबल मांडून बसलेला, 'चष्मा, कॅमेरा लेन्स सफाई, स्क्रॅच गायब'. त्याने आधी स्वतःकडच्या काचेवरचे चरे दाखवले, पांढऱ्या बाटलीतलं दोन थेंब टाकून घासलं, काच एकदम चकाचक. मी 500 रुपये दिले. त्याने धूळ उडवलीच नाही, थेट फडकं घेऊन बोट दाबून गोल गोल घासत राहिला, बारीक करकर ऐकू येत होती आणि तरी मी त्याचा हात धरला नाही, याचं आजही वाईट वाटतं.

घरी येऊन ट्यूबलाइटखाली लेन्स तिरकी धरली. कडेला कोटिंगची, म्हणजे काचेवरच्या पातळ थराची, नेहमीची हिरवट-जांभळी झाक, आणि मधे रुपयाएवढी जागा नुसती पांढरी चमकत होती. दोन दिवसांनी हळदीचे फोटो काढले, सूर्य मागे होता, नवरदेव धुरात उभा असल्यासारखा आला.

जळगावला रिपेअरवाल्या भाऊंना दाखवली तर ते बघताच म्हणाले, पॉलिशची पावडर होती त्या बाटलीत, तिने कोटिंग खाल्लं. ते कोटिंग केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ असतं, ते नसेल तर काचेचा एकेक पृष्ठभाग साधारण 4 टक्के उजेड परत फेकतो, म्हणून फोटो धुरकट येतो. आणि काचेवरचा खरा चरा घासून जायचा तर आजूबाजूची काचच झिजवावी लागते, कोटिंग त्याच्या आधीच जातं. त्या टेबलवाल्याच्या काचेवर मेणाच्या रेघा असतील म्हणे, त्या चऱ्यासारख्याच दिसतात आणि पुसल्या जातात. पुढची काच बदलायचा खर्च ऐकून मी गप्प घरी आलो.

त्यांनीच दाखवलं कसं पुसायचं ते. आधी रबरी ब्लोअरने धूळ उडवा, तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते, मग मऊ ब्रश, आणि तरी डाग राहिला तरच लेन्स टिश्यूवर क्लीनरचे एकदोन थेंब, टिश्यूवर बरं का, लेन्सवर नाही, काचेवर ओतलं तर कडेने आत उतरतं. मधून बाहेर हलक्या हाताने गोल पुसायचं, दुसऱ्यांदा पुसायला नवीन टिश्यू. शर्टाचं टोक, टूथपेस्ट, खिडकी पुसायचा अमोनियावाला स्प्रे, यातलं काही नको. चष्मा असेल तर आधी नळाखाली धरा, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मग स्वच्छ मऊ कापड, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका, चष्म्याच्या काचा बहुतेक प्लास्टिकच्याच असतात.

बाटलीवर लेबल नव्हतं, बिल दिलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेलो तर टेबल उठलेलं. असा कोणी दुसऱ्या यात्रेत दिसला तर लेन्स त्याच्या हातात देऊ नका, आणि शेजारी कोणी देत असेल तर त्यालाही थांबवा.