चरबी मोजणारा काटा, तुळशीच्या लग्नापासून आखाजीपर्यंत (म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत) वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. काटा चांगला आहे, पैसे वाया गेले नाहीत. पण ज्याचं लग्न ठरलंय त्याच्या एकट्याच्या हाती हा देऊ नये. माझ्या बॅचमध्ये तरी मी आता देत नाही.

मी जळगावात ट्रेनर आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमच्या जिमच्या दारात एक वेगळीच गर्दी सुरू होते. सुपारी फुटलेली असते, तारीख निघालेली असते, बस्ता फाडायचा बाकी असतो. नवरदेवाला शेरवानीत खांदे भरलेले हवेत आणि पोट आत. नवरीला ब्लाउजच्या बाहीतला दंड बारीक हवा. दोघांचा पहिला प्रश्न एकच, "सर, किती किलो कमी होईल?" त्याला काहीतरी ठोस उत्तर द्यावं म्हणून हा ब्लूटूथवाला काटा घेतला. तीन हजारांच्या आतला, काचेचा, वर धातूच्या चार पट्ट्या. नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतले काटे एकाच तत्त्वावर चालतात आणि मला बोलायचंय ते त्या तत्त्वाबद्दलच.

वर उभं राहिलं की वजन दिसतं आणि पाठोपाठ ॲपमध्ये चरबीची टक्केवारी, स्नायू, पाणी, हाडं, 'शरीराचं वय' असे ढीगभर आकडे येतात. यात थेट तोललेलं फक्त वजन. बाकी सगळा अंदाज. काटा एका तळपायातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतो, बहुतेक काट्यांत 50 किलोहर्ट्झचा, आणि दुसऱ्या पायापर्यंत जाताना तो किती अडला ते बघतो. स्नायूत पाऊण हिस्सा पाणीच असतं, तिथून वीज सहज जाते, चरबीत अडखळते. त्या अडथळ्यात उंची, वय, लिंग मिसळून सूत्रानं चरबी काढली जाते. आता प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरणार, म्हणजे छाती, खांदे, दंड त्याच्या वाटेत फारसे येतच नाहीत. बेंच प्रेस मारून खांदे कमावलेल्या पोराला हा काटा शाबासकी देत नाही ती याचमुळे. आणि ॲपमध्ये 'ॲथलीट' हा पर्याय चालू केला की तोच माणूस, त्याच मिनिटाला, काही टक्के चरबी गमावून बसतो. हे मी बॅचसमोर करून दाखवतो. आकड्याचा धाक निम्मा तिथेच उतरतो.

रोजच्या वापरातलं थोडं. जिमच्या रबर मॅटवर ठेवला तर वजन चुकतं, कडक फरशीवरच ठेवा. यावल-रावेरकडून केळीच्या बागेत राबणारी पोरं येतात, टाचा भेगाळलेल्या, तळवे कडक. काटा त्यांना चरबीच्या जागी नुसत्या रेघा दाखवतो. ओल्या फडक्यानं तळवे पुसले की चालतो. पारा 45 च्या आसपास असतो त्या दिवसांत दुपारचं माप घेऊच नका, अंगातलं पाणी घटलं की हा चरबी वाढलेली दाखवतो. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, आणि दर वेळी तसंच. पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी चरबी मोजायला यावर उभं राहू नये. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, पण ते कोण वाचतो?

खरी भानगड पुढेच आहे. लग्न ठरलेला माणूस आपल्या घरी जेवतच नाही. आत्याकडे केळवण, मावशीकडे केळवण, मधेच भावकीतली दुसऱ्यांची लग्नं, आणि खान्देशातली पंगत म्हणजे वरण-बट्टी, वर तुपाची धार, सोबत घोटलेली वांग्याची भाजी. दुसऱ्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो आणि नवरीचा चेहरा उतरतो. एक किलो चरबी म्हणजे सुमारे 7,700 कॅलरी. दीड किलो चरबी चढायची तर गरजेपेक्षा साडेअकरा हजार कॅलरी जास्त पोटात जायला हव्यात. एवढ्या बट्ट्या पैलवानालाही जायच्या नाहीत. वाढलेलं असतं ते पाणी आणि पोटातलं अन्न. मीठ पाणी धरून ठेवतं. शिवाय पिठूळ अन्नातून शरीर जे ग्लायकोजेन साठवतं, त्याच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी साठतं. दोन-चार दिवसांत सगळं उतरतं.

हे मी फळ्यावर लिहून दिलं तरी काट्यावरचा आकडाच जास्त खरा वाटतो. मग रात्रीचं जेवण बंद, प्लॅस्टिकचं जॅकेट घालून ट्रेडमिल. घामानं किलोभर जातं आणि तांब्याभर पाण्यानं परत येतं. एकीची आई थेट जिममध्ये आली: "भाऊ, पोर पुरी वाळी गयी. हळद लावाले अंग तं ऱ्हाऊ द्या!" मला हसू आलं, पण माउलीचं म्हणणं बरोबर होतं. पोरगी रोज दोनदा वजन करत होती आणि आकड्याप्रमाणे जेवत होती.

मोटिव्हेशनबद्दल माझं मत या काट्यानं पक्कं केलं. लग्नाची तारीख माणसाला जिममध्ये आणते, टिकवत नाही. सुरुवातीला पहाटे पाचला हजर, सेल्फी वगैरे. मग आकडा अडतो आणि माणूस गळतो. गंमत म्हणजे नवख्याचा आकडा बऱ्याचदा चांगल्या कारणानं अडतो, चरबी घटत असते आणि स्नायू भरत असतो. त्या दिवसांत भाषण कामाला येत नाही. गुडघे टेकून पुश-अप मारणाऱ्याला सरळ दहा निघाले की तो दुसऱ्या दिवशी न बोलावता येतो. मुलींच्या बाबतीत तर माझ्यापेक्षा टेलरचं काम मोठं निघालं. एक नवरी काट्याला शिव्या घालत होती, महिन्यात जेमतेम किलोभर उतरलं म्हणून. मापाला जुना ब्लाउज घेऊन गेली, तर टेलरनं विचारलं, "ताई, हा कुणाचा आणला?" त्यानंतर तिला सकाळी फोन करावा लागला नाही.

म्हणून आता मी सांगतो, बस्ता लवकर फाडा, शिलाई उशिरा टाका, शिवणीत माया सोडायला लावा आणि शेवटचं फिटिंग लग्नाच्या दोनेक आठवडे आधी घ्या. घरी मोजपट्टी ठेवा, आठवड्यातून एकदा कंबर मोजा. भारतीयांसाठी कंबरेची हद्द पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80 धरतात. दंडाची चरबी दंडाच्या व्यायामानं जात नाही, हेही दर सीझनला नव्यानं सांगावं लागतं. आठवड्याला अर्धा किलो हा वेग चांगला. तुळशीच्या लग्नाला सुरू करून आखाजीच्या तिथीपर्यंत वीस आठवडे मिळाले तरी दहा किलो झाले. तीन आठवडे उरले असताना येणाऱ्याला मी किलोचं वचनच देत नाही. ताठ उभं राहणं आणि पुरेशी झोप एवढ्यानंही फोटोत फरक पडतो. आणि भाकरी सोडू नका हो. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो, प्रोटीनला बरी आहे. सोबत वरण, अंडी किंवा दूध. पावडरचा डबा त्यानंतर.

सध्या काटा माझ्या टेबलाखाली असतो, आकड्यांच्या जागेवर चिकटपट्टी. ॲप माझ्या फोनवर, नोटिफिकेशन बंद. लग्नाच्या बॅचला महिन्याची सरासरी तेवढी सांगतो, त्यासाठी हा काटा उत्तम आहे. रोजचे चढउतार पुसले गेले की चरबीच्या आकड्याचा कल बऱ्यापैकी कळतो, एकेका आकड्यावर मात्र विसंबू नये.

याचा सगळ्यात नीट वापर केला तो एका नवरदेवाच्या वडिलांनी. आबांना साखर आहे, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. तारीख नाही, शेरवानी नाही. रविवारी मेहरूण तलावाला चक्कर मारून येतात, चिकटपट्टी उचलून वजन वहीत लिहितात, पट्टी परत लावतात. पोराचं लग्न आखाजीच्या आधीच लागलं, तेव्हापासून पोरगा काही जिमला फिरकलेला नाही. आबांची काट्याबद्दल एकच तक्रार आहे आणि ती रास्त आहे: आकडे बारीक आहेत, चष्म्याशिवाय दिसत नाहीत. पाचपैकी साडेतीन देतोय, त्यातला अर्धा यापायीच कापलाय.