१३ कप्प्यांची फाइल घेतली, कागदांचा ढीग निम्मा झाला

जांभळी नाक्यावरून ती हार्मोनियमसारखी उघडणारी प्लास्टिकची फाइल घेतली, अडीचशेच्या आसपास पडली. ए४ कागद न दुमडता मस्त बसतो, पण घराचं अ‍ॅग्रीमेंट लीगल साइजचं असतं ना ते वरून डोकं काढतं, म्हणून घेताना एफएस (फुलस्केप, म्हणजे ए४ पेक्षा लांब) साइजच मागा, दुकानदार आपणहून सांगत नाही. इलॅस्टिक मात्र अगदीच फालतू, जरा ठासून भरलं की बटणावरून सटकतं.

आणि एक, थर्मल पेपरवरच्या पावत्या यात ठेवून निश्चिंत राहू नका, अक्षरं उडतात, पीव्हीसी प्लास्टिकला चिकटून राहिल्या तर अजून लवकर, तेव्हा फ्रिज-टीव्हीच्या वॉरंटीची बिलं आधी झेरॉक्स करून मग आत टाका. आधार, लायसन्स, आरसीच्या झेरॉक्सनी कप्पे भरायची गरजच नाही, डिजिलॉकरमध्ये खात्याकडून इश्यू झालेलं डॉक्युमेंट मूळ कागदासारखंच धरतात (आपण स्वतः स्कॅन करून टाकलेलं नाही हं). लाइट बिलाला महावितरणचं गो-ग्रीन घ्या, कागद येणंच बंद, वर सूट.

ऑफिससाठी नाही घेणार, तिकडे बॉक्स फाइलच बरी. घरासाठी पाचातले साडेतीन.